बंद बोल्टवरचं माप

मिस्त्रींना कुणी काही कापायला सांगितलं की त्यांचा हात आखडायचा. मग ती पँट असो, पडदा असो, नाहीतर लाकडाची फळी. "थोडं जास्त राहू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातले पडदे जमिनीवर लोळायचे, कारण माप देताना मिस्त्रींनी चार बोटं वाढवून दिली होती. स्वयंपाकघरातली फळी भिंत संपली तरी संपत नव्हती. वीतभर दारात आलेली ती फळी बायकोच्या कपाळाला इतक्यांदा भेटली होती की शेवटी तिनं फळीच्या टोकाला जुना मोजा चढवला. "आमचे हे बंदुका दुरुस्त करतात असं सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. बांबूची वखार आहे का, असं विचारतात," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. मिस्त्री नुसते हसायचे. जास्तीचं उद्या कापता येतं, कमी पडलं तर आणायचं कुठून, एवढाच त्यांचा मुद्दा होता आणि त्यांच्या धंद्यात तो सोळा आणे खरा होता.

दुकान तसं लहानच होतं. पुढे काउंटर, त्याला जाळी. मागे लेथ, हत्यारांची भिंत आणि तेलाचा असा वास, की मिस्त्री घरी आले तरी तो त्यांच्या आधी दारातून आत यायचा. गिऱ्हाईक म्हणजे नेमबाजीच्या क्लबातली मंडळी, जंगलखात्याचे लोक, दोनचार पहारेकरी. यातल्या अर्ध्यांना आयुष्यात कधी ना कधी रायफलची नळी आखूड करून हवी व्हायची. कुणाला ती गाडीत मावत नसे, कुणाच्या नळीचं टोक झुडपात अडकत असे, तर कुणाला नुसतं तसं दिसायला छान वाटे. मिस्त्री अशा माणसाला आधी स्टुलावर बसवत. मग सांगत, की बाबा रे, आतल्या दारूला जळायला जागा लागते. नळी कापलीस की गोळीचा वेग कमी होणार आणि आवाज तेवढा वाढणार. पुढची माशी, म्हणजे निशाण धरायचा तो टोकावरचा खिळा, मागे सरकणार, म्हणजे नेमातली चूक डोळ्याला उशिरा कळणार. शिवाय कापलेल्या तोंडाची कड गोल आणि एकसारखी बसली नाही, तर गोळी बाहेर पडता पडता एका बाजूला ढकलली जाणार. हे सगळं ऐकून गिऱ्हाईक जांभया देऊ लागे. "नळीपेक्षा यांचं भाषणच कापायला हवं," असं बायको म्हणे ते काही खोटं नव्हतं.

भाषणाचा शेवट नेहमी कायद्यावर व्हायचा. रायफलच्या नळीला कायद्यानं कमीत कमी लांबी ठरवून दिलेली होती. कारण साधं. त्याहून आखूड झाली की ती कोटाखाली लपते, आणि लपवायची बंदूक साध्या माणसाला कशाला हवी? मर्यादेच्या केसभर खाली गेलेली रायफल ही मग तुमची रायफलच राहत नाही, ती खाजगी माणसानं बाळगायची नाही अशा जातीत जाते. मालकाचा परवाना जातो, बंदूक भट्टीत जाते आणि कापणाऱ्या मिस्त्रीचं दुकान बंद होतं. आता असल्या धंद्यात कापताना हात आखडता घेणारा माणूस देवानंच नेमून पाठवलेला म्हणायचा.

तरी या माणसावर करडी नजर ठेवायला त्याच देवानं त्याला एक थोरली बहीणही दिली होती.

ताई शस्त्रपरवाना कार्यालयात होती आणि तिचं कामच मुळी नळ्या मोजायचं. शहरात तिला सगळे सळईबाई म्हणत. आलेली रायफल आधी रिकामी असल्याची खात्री करायची, नळीचं मागचं तोंड बुजवणारा बोल्ट बंद करायचा, नळीच्या पुढच्या तोंडातून पितळेची सळई आत सोडायची. सळई बंद बोल्टच्या तोंडाला जाऊन टेकली की नळीच्या कडेपाशी तिच्यावर खूण करायची, सळई बाहेर काढायची आणि पट्टीला लावायची. कायद्याचं माप ते. बाहेरून फूटपट्टी लावून "भरपूर आहे हो बाई" म्हणणाऱ्याला ती चष्म्यावरून अशी बघायची की त्याची बोबडी वळायची. मिस्त्रींनी नवीन दुकान टाकलं तेव्हा त्यांनी कापलेली पहिलीच नळी तिनं परत पाठवली होती. कमी नव्हती, पण कड तिरकी होती. एका बाजूनं भरत होती आणि दुसऱ्या बाजूनं जेमतेम. सख्ख्या भावाचं काम सगळ्या कार्यालयासमोर नाकारून ती संध्याकाळी त्याच्याच घरी चहाला आली आणि बिस्किटं बुडवत म्हणाली, "छोट्या, नळी टेबलावर मोजायची नसते. बंद बोल्टवर मोजायची. हे डोक्यात कोरून ठेव." मिस्त्रींना राग यायला हवा होता. पण ते पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट लोकांना स्वतःहून सांगत राहिले, आणि सांगताना त्यांची छाती फुगलेली असायची. माझी ताई अशी आहे, असं.

निवृत्त झाल्यावर ताईनं क्लबात नेमबाजी धरली. स्वतःच्या परवान्यावर एक जाडजूड नळीची रायफल घेतली आणि बघता बघता तिथल्या भल्याभल्यांना खडे चारले. घरात एकटी, लग्नाच्या फंदात ती कधी पडली नव्हती. तिचा सगळा जीव त्या रायफलीत आणि वार्षिक स्पर्धेत. मग एका हिवाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि डावा खांदा दुखावला. मिस्त्री धावत गेले तर म्हणाली, "काही झालेलं नाही. जिना चुकीचा बांधलाय." खांदा बरा झाला असंही तीच सांगायची. डॉक्टरला बोलू द्यायची सोय नव्हती.

स्पर्धा दोनएक आठवड्यांवर आली असताना ती रायफल घेऊन दुकानात आली.

"आखूड कर," ती म्हणाली.

"का गं?"

"का म्हणजे? हल्ली सगळ्यांच्या आखूड असतात. उगीच आंबे पाडायची लग्गी घेऊन फिरल्यासारखं वाटतं."

मिस्त्रींनी तिलाही स्टुलावर बसवून भाषण सुरू केलं. तिनं दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं. "अरे, हे तुला शिकवलं कुणी?" झालं. मिस्त्रींनी नळी कापली, अर्थात पुष्कळ राखून. कड घासूनपुसून आरशासारखी केली, माशी मागे बसवली. ताईनं रायफल खांद्याला लावून भिंतीवर नेम धरला. टोक हळूहळू खाली गेलं. तिनं वर उचललं, ते पुन्हा गेलं. "माशी नीट बसलीय ना?" मिस्त्रींनी विचारलं. "माशीला काय झालंय? अजून आखूड कर," ती म्हणाली. "आणि या वेळी तुझं ते थोडं जास्त राहू दे नको. आयुष्यात एकदा तरी नेमकं काप, छोट्या."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मिस्त्री हललेही नसते. पण साक्षात सळईबाई म्हणतेय नेमकं काप, मग त्यांनाही जरा चेव आला. नळी त्यांनी पुन्हा खोलून काढली होती. ती परत बसवा, बोल्ट घाला, सळई टाका, पुन्हा खोला, हा सगळा व्याप त्यांना त्या दिवशी नको वाटला. त्यांनी सुटी नळी टेबलावर आडवी ठेवली, मागच्या कडेपासून पट्टी लावली, मर्यादेच्या पुढे दोन मिलिमीटर राखले आणि कापली. तोंड घासलं, कड बसवली. काम असं सुबक झालं होतं की त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं.

"छान," बायको म्हणाली. "आता याच हातानं माझी फळी कापा."

मग त्यांनी नळी रायफलला बसवली, बोल्ट बंद केला आणि निव्वळ सवयीनं सळई आत सोडली. खूण केली. पट्टीला लावली. पुन्हा सोडली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा सळई सोडताना त्यांच्या लक्षात आलं. या जातीच्या रायफलीत नळीच्या मागच्या टोकाला एक वाटी कोरलेली असते. बोल्ट बंद झाला की त्याचं नाक त्या वाटीत शिरून बसतं. म्हणजे कायद्याचं माप नळीच्या मागच्या कडेपासून नाही, वाटीच्या आतून सुरू होतं. वाटी तीन मिलिमीटर खोल होती. त्यांनी राखले होते दोन.

एक मिलिमीटर. नखाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. सगळी हयात पडदे लोळवण्यात घालवलेल्या माणसाला जन्मात एकदा कमी पडलं, आणि तेही सळईबाईच्या रायफलीत.

मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली. उपाय त्यांना ठाऊक होता. नळीच्या तोंडावर पोलादाची एक आखूड टोपी बसवायची, तिचं भोक गोळीला लागणार नाही इतकं मोठं ठेवायचं, आडवी खीळ मारून वरून वेल्डिंग करायचं. हातानं सुटणारी टोपी कायदा मोजत नाही, पण अशी कायमची जोडलेली टोपी नळीतच धरतो. संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण ज्या क्षणी ती नळी कमी भरली, त्या क्षणापासून ती नियमाबाहेरची वस्तू होती आणि तशी वस्तू हाताशी आली की आधी कार्यालयात कळवायचं असतं. हा नियमही त्यांच्याकडून ताईनंच घोकून घेतला होता. कळवलं तर रायफल सीलबंद होणार, आणि स्पर्धा तोंडावर आलेली.

त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं नेहमीप्रमाणे काही टोमणा मारला नाही, तेव्हा तर ते जास्तच घाबरले.

"काय करायचं ठरवताय?"

"टोपी लावून टाकतो. तिला सांगतो की आवाज कमी व्हावा म्हणून लावली."

"तुम्ही? ताईंना थाप मारणार?" बायको म्हणाली. "अहो, लहानपणी लाडू खाल्ला तरी त्यांना तुमच्या कानांवरून कळायचं म्हणता ना? तुमचे कान बघा आत्ता. जा आणि सांगून या. नाहीतर मी सांगते."

ताई घरी चष्मा पुसत बसली होती. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वाटी, दोन, तीन, सगळं. ती रागावेल, निदान एखादी जुनी आठवण काढून सोलून काढेल, अशी त्यांची तयारी होती. ताईनं फक्त विचारलं, "टेबलावर मोजलीस?" मिस्त्रींनी मान खाली घातली. तिनं चष्मा लावला आणि चपला पायात सरकवल्या. "चल. दुकानातून रायफल उचल, कार्यालय उघडं आहे तोवर जाऊ."

"ताई, स्पर्धा बुडेल गं."

"बुडू दे."

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. ताईच्या जुन्या खुर्चीत आता तिच्याच हाताखाली तयार झालेला अधिकारी बसत होता. तिला बघताच तो उभा राहिला. त्यानं मिस्त्रींचं बोलणं ऐकून घेतलं, सळई टाकली, माप बघितलं आणि दार लोटून घेऊन हळूच म्हणाला, "बाई, एका मिलिमीटरचं काय एवढं? मिस्त्रींनी टोपी लावून आणावी, मी आज काही बघितलंच नाही असं समजू. तुमची रायफल आहे ही."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय," ताई कडाडली. "उद्या दुसऱ्या कुणाची एक मिलिमीटरनं कमी भरली, की त्याला काय सांगशील? ही बाईंची नाही, म्हणून भट्टीत? लिही. कमी आहे म्हणून लिही. आणि कापणारा स्वतःहून आलाय, तेही लिही. नीट, वाचता येईल असं."

अधिकाऱ्यानं लिहिलं. रायफल सीलबंद झाली. चूक कामातली असून स्वतःहून कळवलेली आहे, तेव्हा टोपी कायमची जोडून पुन्हा मोजून घ्यायची परवानगी मिळेल, पण साहेबांची सही व्हायला वेळ लागेल, असं तो म्हणाला. दुकान वाचलं. मिस्त्रींचा निम्मा जीव भांड्यात पडला. बाकीचा निम्मा व्हरांड्यातल्या बाकावर ताईशेजारी बसून कागदाची वाट बघत राहिला.

"टोपी अगदी लहान करतो," ते समजूत काढत म्हणाले. "लांबीत कळणारसुद्धा नाही. वजन तेवढं थोडं वाढेल टोकाला."

आणि ताईचा चेहरा उतरला.

स्पर्धा बुडणार म्हटल्यावर तिची पापणी हलली नव्हती. कमी भरली म्हटल्यावर नाही, सील लागलं तेव्हा नाही. वजन म्हटल्यावर मात्र ती एकदम म्हातारी दिसली. मिस्त्रींनी लहानपणापासून हा चेहरा बघितला होता, पण असा कधीच नाही. दुकानात भिंतीवर धरलेला नेम त्यांना आठवला आणि आपण माशीबद्दल काय विचारत बसलो होतो, याची त्यांना लाज वाटली.

"ताई," ते म्हणाले, "तुला आखूड हवी होती, का हलकी हवी होती?"

ताईनं मान समोरच्या भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "हलकी."

"मग तसं सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मला पेलवत नाही म्हणून सांगू? तुला?" तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. "खांदा बरा झालेला नाही, छोट्या. भरलेली किटलीसुद्धा मी दोन हातांनी उचलते. आखूड म्हटलं की ती बंदुकीची गोष्ट होते. हलकी म्हटलं की माझी."

मिस्त्रींना भडभडून आलं. एवढी कडक बाई, शब्दाला शब्द मोजणारी, आणि स्वतःच्या दुखण्याला चुकीचं माप लावून बसली. आणि आपण तिचा भाऊ, तिनं सांगितलं म्हणून मान डोलावून नळी कापत सुटलो. त्यांना तिला कुशीत घ्यावंसं वाटलं, पण कार्यालयाचा व्हरांडा होता आणि ताईनं चारचौघात ते खपवून घेतलं नसतं. म्हणून ते धंद्याचं बोलू लागले.

"अगं, मग लांबीला हात लावायची गरजच नव्हती. तुझी नळी केवढी जाड आहे! जाडीला कायद्याची मर्यादा नाही, फक्त ताकदीचा हिशोब सांभाळायचा. मागे जिथे जोर बसतो तिथे तशीच ठेवतो. पुढची बाहेरून लेथवर उतरवतो. टोकाचं वजन निम्म्यावर येईल."

"तापेल लवकर," ताई नाक ओढत म्हणाली.

"तापेल. चार गोळ्या झाल्या की जरा थांबायचं."

"थांबते की. मला कुठे लढाईला जायचंय?"

सही आली तोवर स्पर्धा होऊन गेली होती. ताई त्या दिवशी नुसती बघायला म्हणून गेली, निकालावरून पंचांशी भांडली आणि खूश होऊन परत आली. मिस्त्रींनी मग ती नळी हातात घेतली ती अशी, की बायकोला दुकानात चहा पाठवून द्यावा लागे. टोपी बसवली, खीळ मारली, वेल्डिंग करून जोड असा घासला की बोट फिरवूनही सापडू नये. पुढचा जाडपणा थोडा थोडा करून उतरवला. प्रत्येक वेळी नळी परत बसवली, बोल्ट बंद केला, सळई टाकली. लांबी बदलायचा प्रश्नच नव्हता, तरी टाकली. मग रायफल हातात घेऊन तोलली, पुन्हा लेथवर चढवली. ओळखीची गिऱ्हाइकं बाहेरून जाळीतून हाका मारून कंटाळून गेली.

कार्यालयात अधिकाऱ्यानं माप घेतलं. ताईनं त्याच्या हातातून सळई काढून घेतली आणि स्वतः पुन्हा घेतलं. भरलं, आणि वर दोन मिलिमीटर जास्त. तिनं भावाकडे चष्म्यावरून पाहिलं. मिस्त्री छताकडे बघू लागले.

मग तिनं रिकामी रायफल खांद्याला लावली आणि खोलीच्या टोकाला रचलेल्या वाळूच्या पोत्यांवर नेम धरला. टोक स्थिर राहिलं. मिस्त्रींनी मनातल्या मनात दहा आकडे मोजले. टोक स्थिरच राहिलं. ताईनं रायफल खाली घेतली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि या वेळी तिनं ते लपवले नाहीत.

"पेलतेय रे मला," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं शिक्का मारला, कागद दिले, रायफल पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. मिस्त्री पेटी उचलायला पुढे झाले तर ताईनं त्यांच्या हातावर चापट मारली. पेटीचा पट्टा उजव्या खांद्याला अडकवून ती ताठ मानेनं व्हरांड्यातून निघाली. जिन्याच्या तोंडाशी येऊन मात्र थांबली. खाली बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या त्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या.

"दे ती पेटी, ताई," मिस्त्री म्हणाले.

"बंदूक मीच नेणार. परवाना माझ्या नावावर आहे." तिनं दुखरा डावा हात त्यांच्यापुढे केला. "तू मला धर."

मिस्त्रींनी तिला दंडाला धरलं. हात इतका बारीक झाला होता, हे त्यांना तेव्हा कळलं. पहिल्या पायरीवर तिनं आपला सगळा भार त्यांच्यावर टाकला आणि दोघं भावंडं हळूहळू जिना उतरू लागली.